केसपेपरवरचा ‘अपघात’

आण्णा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. सोसायटीच्या पावत्या, सातबाराचे जुने उतारे, माझे आणि ताईचे शाळेचे दाखले असं बरंच काही तिच्यात होतं. अगदी तळाशी मेणकापडात गुंडाळलेला सरकारी दवाखान्याचा एक केसपेपर होता. महिना फेब्रुवारी, साल १९८७. स्त्री, वय वीस. खाली इंग्रजीत तीन ओळी. त्यातल्या एका शब्दाखाली दोनदा रेघ मारलेली. त्या शब्दाचा अर्थ ‘अपघाती’.

तो अपघात नव्हता. हे आई, आण्णा, ताई आणि मी अशा आम्हा चौघांना माहीत होतं. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात आण्णा हवालदारासमोर हात जोडून उभे होते, एवढं मला स्पष्ट आठवतं. “अपघात आहे साहेब, पोरीचं लग्न व्हायचंय,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं आणि तो शब्द लिहिला. त्या माणसाने आमच्यावर उपकारच केले, असं आण्णा शेवटपर्यंत मानत आले. चार दिवसांनी ताई घरी आली. तिला तसं का वाटलं, हे कुणीही विचारलं नाही. डॉक्टरांनी नाही आणि आम्हीही नाही. अपघात झालेल्या माणसाला ‘का’ असं कोण विचारतो?

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. जुन्या कागदावरचा शब्द कुणी, कुणाच्या भीतीने लिहिला हे तपासायचं, असं मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. घरातला कागद मात्र वीसेक वर्षं उशिरा हाती आला. हा लेख म्हणजे त्या एका शब्दाचा मी घेतलेला शोध. ताईने हा मजकूर वाचला आहे, आणि तिच्या सांगण्यावरूनच मी तो छापायला देतो आहे.

कलम

आण्णा ज्याला घाबरत होते, ते भारतीय दंड संहितेचं कलम ३०९. दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंतची साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असं हे कलम सांगत होतं. दंडाचा पर्याय १८८२ मध्ये जोडला गेला. गुन्हा पूर्ण झाला तर शिक्षा करायला कुणी उरत नाही आणि अपुरा राहिला तर शिक्षा होते, असा हा बहुधा एकमेव गुन्हा असावा.

या कलमाची मुळं इंग्लंडमध्ये आहेत. तिथल्या जुन्या कायद्यात आत्महत्या करणाऱ्यासाठी एक लॅटिन संज्ञा होती: ‘फेलो दे से’, म्हणजे स्वतःचाच अपराधी. अशा माणसाची मालमत्ता राजाकडे जमा होत असे. त्याचं दफन दफनभूमीत न करता रस्त्यांच्या चौकात करत. चौकात पुरण्याची प्रथा १८२३ च्या कायद्याने बंद झाली. मालमत्ताजप्ती १८७० मध्ये गेली. प्रयत्न करणं हा गुन्हा मात्र राहिला, आणि १९६१ च्या ‘सुइसाइड ॲक्ट’ने तोही पुसला गेला. म्हणजे ज्या देशाने हा विचार आपल्याकडे आणला, त्याने तो १९६१ मध्ये सोडून दिला. आपण स्वातंत्र्यानंतर सात दशकं तो सांभाळत बसलो.

सोडायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९७१ मध्ये विधी आयोगाने आपल्या ४२ व्या अहवालात हे कलम काढून टाकावं अशी शिफारस केली. त्यानुसार आलेलं दुरुस्ती विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. लोकसभेत ते पुढे सरकण्याआधी १९७९ मध्ये लोकसभाच बरखास्त झाली आणि विधेयक बाद झालं. ते कागद वाचताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. तेव्हा ताई बारा वर्षांची होती.

आमच्यापर्यंत न पोचलेला निकाल

ट्रंकेतल्या कागदावरची तारीख डोळ्यांसमोर ठेवून मी न्यायालयीन निकाल चाळायला लागलो, तेव्हा एका निकालापाशी थबकलो. २५ सप्टेंबर १९८६. मुंबई उच्च न्यायालय. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांचं खंडपीठ.

खटला मुंबईतल्या एका पोलीस शिपायाचा होता. रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला होता, आणि तेव्हापासून त्याला मानसिक आजार जडला होता. अडचणींनी घेरलेल्या या माणसाने महापालिकेच्या कार्यालयाबाहेर स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. त्याला वेळीच अडवण्यात आलं आणि मग त्याच्यावर कलम ३०९ खाली खटला भरला गेला. ज्या खात्यात तो नोकरीला होता, त्याच खात्याचा तो आरोपी झाला.

खंडपीठाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. समानतेचा हक्क देणारं अनुच्छेद १४ आणि जीविताचा हक्क देणारं अनुच्छेद २१, या दोन्हींशी ते विसंगत आहे असं म्हटलं. न्यायालयाचा युक्तिवाद साध्या मराठीत सांगायचा तर असा: शिक्षेचा हेतू धाक बसवण्याचा असेल, तर जो मरणाला भीत नाही त्याला वर्षभराच्या कैदेचा धाक कसा बसेल? मानसिक आजारामुळे अशा टोकाला गेलेल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे. कोठडीत त्याची अवस्था आणखी बिघडेल. शिवाय या प्रयत्नांमागची कारणं इतकी वेगवेगळी असतात की सगळ्यांना एकाच मापाने मोजणं हाच अन्याय आहे.

मी पुन्हा तारखा पाहिल्या. निकाल सप्टेंबर १९८६ चा, आणि ताईचा केसपेपर फेब्रुवारी १९८७ चा. मध्ये अवघे पाच महिने. आमच्या जिल्ह्यावर ज्या उच्च न्यायालयाचा अधिकार चालतो, त्याच न्यायालयाने हे कलम घटनेत बसत नाही असं म्हटलेलं होतं. शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असायचा होता, हे खरं. पण आण्णा ज्या कलमापुढे हात जोडून उभे होते, त्याच्या पायाखालची जमीन तेव्हाच सरकली होती. हे ना आण्णांना माहीत होतं, ना बहुधा त्या डॉक्टरांना. हवालदाराला माहीत असेल तर त्याने सांगितलं नाही.

पुढचा न्यायालयीन प्रवास वळणावळणाचा आहे. १९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. दोनच वर्षांनी, मार्च १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं घटनापीठाचं म्हणणं होतं. त्यामागचा तात्त्विक विचार मला आजही वजनदार वाटतो. मरण्याचा हक्क मान्य करायचा की नाही हा खोल प्रश्न आहे. पण दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाचा प्रश्न तो नसतोच. त्यांचा प्रश्न एवढाच असतो की खरं सांगितलं तर आत घेतील की ठाण्यात नेतील.

ठाणं आणि येरवडा

‘ठाण्यात नेतील’ हे शब्द लिहिताना मी थोडा अडखळलो. मराठीत ‘ठाण्याला पाठवा’ याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली आणखी तीन प्रादेशिक मनोरुग्णालयं. पुण्याचं येरवड्याला. तुरुंगही येरवड्याला. आमच्या भागातल्या माणसाला ‘येरवड्याला गेला’ असं ऐकल्यावर तो नेमका कुठे गेला, हे विचारावं लागे. एकाच गावाच्या नावात कैदी आणि मनोरुग्ण शेजारी नांदत होते, आणि लोकांच्या मनात त्यांच्यामध्ये फारशी भिंत नव्हती.

कायद्यातही नव्हती. १९८७ च्या फेब्रुवारीत मनोरुग्णांना लागू असलेला कायदा १९१२ चा होता. इंग्रजीत त्याचं नाव ‘लुनसी ॲक्ट’. रुग्णाला दाखल करण्याचा मुख्य मार्ग मॅजिस्ट्रेटच्या आदेशाचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात नवा मानसिक आरोग्य कायदा झाला, पण तो लागू व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये जाहीर झालेला होता. जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, तोही आधी मोजक्या जिल्ह्यांत.

आईवडिलांची बाजू मी आता समजू शकतो. एका बाजूला पोलीस ठाणं, दुसऱ्या बाजूला ठाण्याचं रुग्णालय आणि मध्ये लग्नाची मुलगी. त्यांच्या समोर दोनच दारं होती, आणि दोन्ही दारांवर मॅजिस्ट्रेट बसलेला होता. त्यांनी तिसरं दार शोधलं. ते म्हणजे ‘अपघाती’. आपली भाषाही त्यांच्या मदतीला होती. ‘जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं’ असं आपण म्हणतो. त्यात ‘बरं’ कुठलं, हे मला कधी कळलं नाही. पण काय झालं ते न बोलण्याची सोय त्या शब्दांत आहे.

या दाराची किंमत ताईने मोजली. ‘अपघाती’ लिहिल्यावर पुढची औषधं, पुढची भेट, पुढची विचारपूस सगळं थांबलं. जखम बरी झाली आणि कागद मिटला.

ऐकणारी माणसं

याच काळात जगात दुसरा एक इतिहास घडत होता. तो कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

१९३५ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन गावात चॅड व्हारा या तरुण धर्मोपदेशकाला एका चौदा वर्षांच्या मुलीच्या दफनविधीला उभं राहावं लागलं. तिला पाळी सुरू झाली होती. तो एखादा लाजिरवाणा रोग आहे अशा समजुतीने तिने जीव दिला होता. तिला विचारायला कुणी नव्हतं आणि सांगायलाही कुणी नव्हतं. व्हारा हे कधी विसरले नाहीत. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी एक टेलिफोन ठेवला आणि जीव द्यावासा वाटणाऱ्यांनी फोन करावा असं जाहीर केलं. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा अजून गुन्हा होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कायदा बदलायची वाट न पाहता या माणसाने फोन उचलायला सुरुवात केली.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या शोधात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. व्हारांना भेटायला येणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला काही साधे स्वयंसेवक बसत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या ध्यानात आलं की बऱ्याच जणांना आत येऊन त्यांना भेटण्याची गरजच उरत नाही. बाहेर चहा देणाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, तेवढ्याने त्यांचं ओझं हलकं झालेलं असतं. १९५४ मध्ये त्यांनी काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली.

आपल्याकडे १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ सुरू केली. ताईच्या केसपेपरच्या आदल्याच वर्षी. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली, आणि ‘ठाण्याला जा’ या शब्दांना निदान काही मराठी घरांत वेगळा अर्थ मिळाला.

पत्रं आणि फोन

ऐकून घेतल्याने खरंच जीव वाचतो का, की ही नुसती चांगुलपणाची गोष्ट आहे? इतिहासाच्या शिक्षकाला पुरावा लागतो. मला दोन पुरावे सापडले.

पहिला सॅन फ्रान्सिस्कोचा. जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाने १९६९ पासून नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या माणसांचा अभ्यास केला. त्यातल्या ८४३ जणांनी पुढचे उपचार नाकारले होते. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्या गटाला अधूनमधून छोटी पत्रं जात राहिली. आम्हाला तुमची आठवण आहे, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, कळवावंसं वाटलं तर कळवा, एवढाच त्यांचा आशय. उपदेश नाही, मागणी नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्येचं प्रमाण लक्षणीय कमी राहिलं.

दुसरा पुरावा आपल्या जवळचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत १,८६७ जणांचा अभ्यास केला. हे सगळे आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आणलेले. भारतातलं ठिकाण चेन्नई. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी त्याबरोबर तासभर नीट बोलणं झालं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस झाली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आत्महत्येने मृत्यू झालेल्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के होतं, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के.

एक तास आणि नऊ वेळा विचारपूस. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि ताईच्या चार दिवसांत ती एक तासाची जागा कुठे होती ते शोधत बसलो. जागा होती, माणसंही होती. पण अपघात झालेल्याशी कुणी तासभर कशाला बोलेल?

पूर्ण बाह्यांचे ब्लाउज

१९८७ नंतर ताई उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायची. आई शेजारणींना सांगायची की तिला उन्हाचा त्रास होतो. ती स्वतःला इजा करून घेत होती हे मला फार उशिरा समजलं. घरात ज्यांना कळलं होतं ते ‘नाटकं’ म्हणाले.

या ‘नाटकां’चाही इतिहास आहे. स्वतःला इजा करणं आणि जीव देण्याचा प्रयत्न या एकच गोष्टी नव्हेत. कित्येकदा ती असह्य तगमग थोपवण्याची एक चुकीची, पण त्या घटकेला सापडलेली वाट असते. पण तिच्याकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं, कारण अशा माणसांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला दिसतो. या त्रासावर नेमके उपचार शोधण्यात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहन यांचं नाव पुढे येतं. त्यांची ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ भावनांची लाट अंगावर आली असताना स्वतःला इजा न करता ती कशी सोसायची, हे टप्प्याटप्प्याने शिकवते. १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झालेले दिसले. २०११ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की १९६१ मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतः याच कारणासाठी रुग्णालयात होत्या. उपचार शोधणारी बाई स्वतः त्या पलंगावर झोपून गेलेली होती.

१९९१ मध्येच ताईला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. या वेळी पुण्यात. आण्णा आधीच्याच तयारीने बोलायला लागले. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मग आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. दार लोटलं. आत काय झालं ते ताईने मला अगदी अलीकडे सांगितलं. बाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारलं, “मरावंसं वाटतं का तुम्हाला? केव्हापासून?” ताई म्हणते, चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो शब्द तिच्यासमोर उच्चारला होता. ती बराच वेळ रडली आणि मग बोलली.

असा थेट प्रश्न विचारला तर माणसाच्या डोक्यात तो विचार नव्याने भरेल, अशी आपल्याला भीती वाटते. ती भीती खोटी ठरली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत दोन हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. ज्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं गेलं, त्यांच्यात तसे विचार वाढले नाहीत. उलट आधीच खचलेल्या मुलांना विचारल्याने थोडं बरंच वाटलेलं दिसलं.

ताईला नैराश्याचं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. दोन वेळा औषधं बदलावी लागली. एकदा तिने ती मनानेच बंद केली आणि पुन्हा खाली गेली. बरं होण्याचा रस्ता सरळ नव्हता. पण तो होता.

कलम ११५

कायद्याला जाग यायला आणखी बराच वेळ लागला. २००८ मध्ये विधी आयोगाने २१० व्या अहवालात पुन्हा एकदा कलम ३०९ काढण्याची शिफारस केली. अखेर २०१७ मध्ये मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि २०१८ मध्ये तो लागू झाला. त्याचं कलम ११५ दोन गोष्टी सांगतं. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा द्यायची नाही. ही पहिली. अशा व्यक्तीची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करून पुन्हा तशी वेळ येऊ नये हे पाहणं सरकारचं कर्तव्य आहे. ही दुसरी, आणि माझ्या दृष्टीने जास्त मोठी. ज्याला राज्य शिक्षा देणार होतं, त्याचं आता ते देणं लागतं.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्यात कलम ३०९ उरलं नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामात अडवण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली अजूनही गुन्हा आहे. तेवढा अपवाद वगळता १८६२ पासूनची ती ओळ पुसली गेली.

दवाखान्यात आजही मेडिको-लीगल नोंद होते, पोलीस येऊन विचारूही शकतात. पण ती नोंद आता रुग्णाला तुरुंगाकडे नेणारी वाट नाही. हे घराघरांत पोचलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचा एकच अहवाल काढतो. २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या. हा आकडा राज्यांमध्ये सर्वाधिक आहे. त्याच पुस्तकाच्या ‘अपघात’ या पहिल्या भागात किती घरांनी हात जोडून लिहून घेतलेला शब्द दडला असेल, हे कुठलाच तक्ता सांगू शकत नाही. आणि प्रयत्नातून वाचलेल्यांचे आकडे तर त्या पुस्तकात नसतातच.

रात्रीचा फोन

२०२२ च्या डिसेंबरात रात्री साडेअकराला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. दहावीतल्या मुलाला घेऊन तो दवाखान्याच्या दारात उभा होता. मुलगा शुद्धीवर होता. “सर, सासरे म्हणतायत अपघात सांगा. तुम्ही कायद्याचं काहीतरी लिहीत होता ना? काय सांगू?”

माझ्या डोळ्यांसमोर व्हरांड्यातले आण्णा आले. मी म्हणालो, “जे झालं तेच सांग. त्याला शिक्षा होणार नाही. आणि डॉक्टरांना म्हण, मनोविकारतज्ज्ञांना बोलवा.” त्याने पुन्हा विचारलं, “नक्की ना सर?” मी नक्की म्हणालो. मग आणखी एक सांगितलं. मुलाला ‘असं का केलंस’ म्हणून रागावू नकोस. ‘अजून तसं वाटतंय का’ असं विचार आणि त्याचं उत्तर ऐकून घे. त्याला एकटं ठेवू नकोस. घरी गेल्यावर ज्याने इजा होऊ शकेल ते आधी हलव.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आले. आठ दिवसांनी मुलगा घरी आला, हातात पुढच्या भेटीची तारीख लिहिलेला कागद घेऊन. त्याच वर्षी, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा सुरू झाली होती. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. मी तो क्रमांक त्या बापाला दिला आणि स्वतःच्या वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यातही लिहिला. पुसायचा नाही असं मुलांना सांगून ठेवलंय. एकदोघांनी तो वहीत उतरवून घेतला. का, हे मी चारचौघांत विचारलं नाही. तास संपल्यावर मात्र एकेकट्याला गाठून विचारलं.

हा लेख पुरा झाल्यावर मी तो केसपेपर ताईकडे घेऊन गेलो. ती आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन डॉक्टरांना भेटून येते आणि कुठे चाललीस विचारलं तर “डोक्याच्या डॉक्टरकडे” असं दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही सांगते. तिने चष्मा लावून कागद वाचला. दोन रेघा मारलेल्या शब्दावर बोट ठेवलं.

“आण्णांना काय दोष द्यायचा,” ती म्हणाली. “त्यांना वाटलं, हे लिहिलं की मी वाचेन.” थोडं थांबून म्हणाली, “तू मात्र नीट लिही.”

मी जसं घडलं तसं लिहिलं आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा मिटलेला कागद असेल, किंवा कुणाच्या मनात आज रात्री तसं काही चाललं असेल, तर हात जोडण्याची वेळ आता गेली आहे. जे आहे ते सांगा. घरातल्या कुणाला, डॉक्टरला, नाहीतर त्या फोनवरच्या अनोळखी माणसाला. ऐकणं हेच त्या माणसाचं काम आहे.